चाचांची बाभळीची बैठक

चाचांचे दोन हात दोन वेगळ्या माणसांचे वाटत. उजवा तालमीतल्या पैलवानाचा, खांद्यापासून मनगटापर्यंत दोरखंडासारखा पीळदार. डावा एखाद्या कारकुनाचा, बारीक आणि निळ्या शिरांचा. कमरेखाली मात्र काहीच चालत नव्हतं. लहानपणी ताप आला आणि उतरताना पायांतला जीव घेऊन उतरला. त्यानंतरची तीसेक वर्षं चाचा बसून होते. पण बसून असलेला माणूस म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांपुढे येतं, त्यात ते बसत नसत. ते शेलूबाजारचे पिंजारी होते. छताला टांगलेली पिंजणाची कमान डाव्या हातानं सांभाळायची आणि उजव्या हातातल्या जड लाकडी ठोकळ्यानं तिला ताणून बांधलेल्या तातीवर ठोके द्यायचे, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. त्या हाताला वेगळी तालीम लागली नाही.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी शेलूबाजारच्या शाळेत मास्तरीण म्हणून रुजू झाले. वय तेवीस. वाशीम जिल्हा व्हायला तेव्हा वीस वर्षं होती; आमचं सगळं सरकारी कामकाज अकोल्याला चाले. शाळेची भिंत आणि चाचांचं दुकान यांच्यात एक कुंपण तेवढं होतं, आणि दुकानासमोरच एस.टी. थांबायची. मला पहिल्यापासून याद्या करायची सवय. खिशाएवढी डायरी, तिच्यात आजची कामं, झालेल्या कामावर रेघ. महिन्याभरात हेडमास्तरांनी ही सवय ओळखली आणि सहल, झेंडावंदन, खेळ असं जे कुणालाच नको होतं ते सगळं माझ्या गळ्यात घातलं. 'बाईंच्या यादीत आलं म्हणजे झालं', असं शाळेत बोललं जाई. मला त्याचा अभिमान होता.

चाचांची पहिली शिस्त मी शिकले ती उचलण्याची. त्यांना विचारल्याशिवाय कुणी उचललेलं चालत नसे. "मी काय गाठोडं हाय?" असं ते विचारीत. एका पंधरा ऑगस्टला गावातल्या एका पुढाऱ्याच्या माणसांनी त्यांना न विचारता दोन्ही बाजूंनी धरून थेट स्टेजवर नेऊन ठेवलं होतं, सत्कार करायला. चाचांनी हार घालून घेतला, तोंडातून शब्द काढला नाही, आणि त्यानंतर त्या घराची एकही गादी पिंजली नाही. पुढाऱ्यानं दोनदा माणूस पाठवला, कापूस पाठवला. कापूस तसाच परत. का रागावले हेही त्यांनी कधी सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "बाई, ज्याले सोताहून समजत नाई, त्याले सांगून काय फायदा? सांगून समजलं, ते समजणं नोहे."

एस.टी.चे कंडक्टर वानखडे यांना मात्र ते सोताहून समजलेलं होतं. वानखडे मंगरूळपीर-अकोला गाडीवर असत. चाचांना आठवड्यातून एकदा मंगरूळला गाद्या भरायला जावं लागे. गाडी दुकानासमोर थांबली की वानखडे उतरत, दोन्ही हात पुढे करून उभे राहत आणि विचारत, "उचलू का, चाचा?"

"उचल."

हे दोन शब्द झाल्याशिवाय हात लागत नसे. मग चाचांना कडेवर घेऊन पायरी चढता चढता वानखड्यांची टकळी सुरू होई.

"चाचा, वजन वाढून राह्यलं तुमचं. आता लगेज फाडा लागते."

"फाड नं बाप्पा. अन् तुह्या पोराच्या पाळण्यातली गादी वापस दे."

"पोरगा झोपला हाय तिच्यावर."

"मंग माह्यं लगेज बी झोपलं समज."

पुढची सीट रिकामी नसली तर वानखडे तिथल्या माणसाला उठवत आणि म्हणत, "उठा भाऊ, गादीवाले आले, तुमाले बी एक दिवस झोपायचं हाय." सगळी गाडी हसे. चाचाही हसत.

चाचांच्या धंद्यातलं एक वाक्य माझ्या अजून कानात आहे. नवी सून किंवा नवं गिऱ्हाईक घाई करू लागलं की ते ठोकळा खाली ठेवत आणि म्हणत, "कापसात गाठ राह्यली, त भरणाऱ्याले काई होत नाई. झोपणाऱ्याले टोचते." आणि पुन्हा तोच कापूस पिंजायला घेत.

गोळाफेक कशी सुरू झाली तेही सांगायला हवं. खेळाच्या तासाला मुलांचा गोळा घरंगळत कुंपणाखालून चाचांच्या दुकानात गेला. चाचांनी तो उचलला, कवठासारखा हातात फिरवून पाहिला आणि बसल्या बसल्या कुंपणावरून परत फेकला. मुलं आ वासून बघत राहिली. मी टेप आणला आणि मोजलं. मोजल्याशिवाय माझं समाधान होत नाही. आमच्या सातवीतल्या दांडग्या पोरांनी उभ्यानं फेकलेल्यापेक्षा ते अंतर जास्त होतं. मी आकडा डायरीत लिहिला. चाचा कुंपणापलीकडून ओरडले, "बाई, हे कवठ अजून एकडाव द्या इकडं. आता पाहून फेकतो."

त्याच हिवाळ्यात अकोल्याहून एक पत्रक आलं. अपंगांसाठी मैदानी स्पर्धा होणार होत्या, त्यात बसून गोळा फेकण्याचा प्रकार होता, आणि त्यात पहिला येईल त्याला अकोल्यातला एक व्यापारी हातानं चालवायची तीनचाकी सायकल देणार होता. हेडमास्तरांनी पत्रकावर 'दप्तरी दाखल' असा शेरा मारला. मी ते दप्तरातून काढलं आणि दुकानात जाऊन चाचांना वाचून दाखवलं. 'तीनचाकी'पाशी त्यांनी मला थांबवलं.

"ते पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"म्हंजे कोणाले उचल म्हना लागनार नाई?"

"नाही."

त्यांनी हातातला ठोकळा खाली ठेवला. मग म्हणाले, "बाई, इतकी वर्षं कापूस पिंजतो, पण बजारात जाऊन सोताच्या हातानं निवडून आणलेला कापूस कधी पिंजला नाई. लोक जे आणून टाकतात ते पिंजतो. एकडाव कापसाच्या गाडीत हात घालून पाहाचा हाय मले."

सराव दीड महिना चालला. चाचा रोज संध्याकाळी दुकानामागच्या मोकळ्या जागेत फेकत. पहिल्या आठवड्यातच त्यांच्या लक्षात आलं की नुसतं जमिनीवर बसून जोर लागत नाही, अंग मागे कोलमडतं. मग त्यांनी स्वतःच एक बैठक तयार केली. बाभळीचं जाडजूड खोड, हातभर उंचीचं, त्यावर पक्की ठोकलेली फळी, मांड्या बांधायला बैलबंडीचा जुना नाडा, म्हणजे जाड दोर, आणि डाव्या बाजूला खोडातच रोवलेला एक उभा खुंटा. सगळं कसब त्या खुंट्यात होतं. डाव्या हातानं खुंटा घट्ट धरून ते अंग त्याच्याकडे ओढून घेत आणि त्या ओढीवर उजवा हात सुटे. तो कारकुनासारखा डावा हात कशासाठी होता ते तेव्हा मला कळलं. कमान धरून धरून त्याला धरून ठेवणं येत होतं.

मी रोज टेप धरी आणि आकडे लिही. आकडे वाढत गेले. सहा मीटर ओलांडले त्या दिवशी चाचींनी गूळ वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर दुकानाचा उंबरा गायब. गवंडी बोलावून चाचांनी तो फोडून काढला होता.

"हे काय केलंत?"

"गाडी आत घ्या लागन नं. चाकं चढतीन का उंबऱ्यावर?"

"अहो, आधी स्पर्धा तर होऊ द्या."

"स्पर्धा तुमच्या यादीत हाय नं? मंग झाली." आणि खो खो हसले.

जाण्याच्या दिवसाची यादी चौदा कलमांची होती. ती डायरी आजही माझ्याकडे आहे. डॉक्टरांचा दाखला, पत्रक, डबा, पाणी, पंचा, चाचांचा जादा पायजमा, अशी कलमं. नववं कलम 'बैठक'. चौदावं 'शाळेची पेटी – दुरुस्ती'. शाळेच्या बाजाच्या पेटीचा भाता फाटला होता आणि दुरुस्ती अकोल्यालाच होत असे. एका खेपेत दोन कामं, हा माझा नियम.

गाडी मंगरूळहूनच उशिरा आली. वानखडे उतरले, "उचलू का, चाचा?", "उचल", आणि चाचा पुढच्या सीटवर जाऊन बसले. आज नवा सदरा होता. वानखडे गाडीच्या मागे आले. तिथे लिंबाखाली पेटी आणि बैठक शेजारी शेजारी ठेवली होती. त्यांनी शिडीवरून आधी पेटी टपावर चढवली, खाली आले, घाम पुसला आणि मला विचारलं, "बाई, खोड चढवू का?"

मी घड्याळ पाहिलं. दहाच्या आत मैदानावर नाव नोंदवायचं होतं. पत्रकात स्पष्ट छापलेलं होतं, 'स्पर्धकांसाठी खुर्चीची व्यवस्था मैदानावर करण्यात येईल.' छापलेल्या गोष्टीवर माझा फार विश्वास. पण ही दोन्ही सांगायची कारणं. खरं कारण तिसरं होतं. अकोल्याच्या मैदानावर, साहेबलोकांसमोर, बाभळीचं साल निघालेलं खोड घेऊन उतरायची मला लाज वाटली. लोक म्हणतील, शेलूबाजारची मास्तरीण सरपण घेऊन आली.

मी म्हणाले, "राहू द्या. तिकडे खुर्ची आहे."

"चाचाले इचारलं का?"

"सगळं पत्रकात आहे हो. चला, उशीर झालाय."

वानखड्यांनी एकदा खोडाकडे पाहिलं आणि घंटी दिली. मी डायरी काढून नवव्या कलमावर रेघ मारली. चाचांना विचारायला गाडीच्या मागून पुढे, वीस पावलं जावं लागलं असतं.

मैदानावर खुर्ची होती. पत्र्याची, घडीची, मांडववाल्याचं नाव पाठीवर रंगवलेली. काळ्या मातीत तिचा एक पाय टेकत होता तर दुसरा अधांतरी. रिक्षावाल्यानं विचारून चाचांना उचललं आणि तिच्यात बसवलं. चाचांनी डावा हात बाजूला नेला. तिथे काही नव्हतं. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"बाई, माह्यी बैठक?"

मी काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. ठरवल्याशिवाय मी सहसा काही बोलत नाही. पण त्या क्षणी तोंडातून सरळ, घडी घातल्यासारखं वाक्य बाहेर पडलं, "कंडक्टरनं चढवू दिली नाही. उशीर झाला म्हणाले."

"वानखडेनं?"

"हो."

"अन् मले इचारलं नाई?"

मी मान हलवली. नाही.

त्यांनी मान पुढे वळवली. शिट्टी झाली. तीन फेकी होत्या. पहिल्या फेकीला खुर्ची एका बाजूला कलली आणि घडी होऊन मिटली. चाचा मातीत आडवे झाले, गोळा पायाशीच पडला. चार स्वयंसेवक धावले आणि त्यांना धरू लागले. चाचा मातीतूनच गरजले, "थांबा! पहिले इचारा." पोरं बिचकून उभी राहिली. एकानं हळूच विचारलं, "उचलू का, बाबा?" "उचल."

दुसरी फेक त्यांनी जपून केली, ती जवळच पडली. तिसरीच्या वेळी पंच म्हणाले, कुणीतरी खुर्ची धरली तर चालेल. मी पुढे झाले आणि डाव्या बाजूनं खुर्चीची पाठ धरून उभी राहिले. चाचांचा डावा हात हवेत काहीतरी शोधत होता. "खुंटा पाह्यजे होता, बाई," ते पुटपुटले. माझा खांदा त्यांच्या हातापासून एका वितीवर होता. 'धरा' म्हणायचा अवकाश होता. पण आजूबाजूला एवढी माणसं, मी तेवीस वर्षांची, लग्नाची; मी म्हणाले नाही. ते मागणारे नव्हते. त्यांनी खुर्चीची पत्र्याची कड धरली आणि फेकलं.

चाचा दुसरे आले. पहिल्यापासून वीतभर मागे. पहिला आलेला कारंज्याकडचा एक माणूस होता. दोन्ही पाय गुडघ्याखाली नसलेला. सायकलीवर बसवल्यावर तो रडायला लागला. त्याच्यावर रागावण्याचीही सोय नव्हती. चाचांना प्रशस्तिपत्रक आणि स्टीलचा डबा मिळाला. सरावात बैठकीवरचा त्यांचा वाईटातला वाईट आकडासुद्धा त्या पहिल्या नंबराच्या पुढे होता. तो आकडा माझ्या डायरीत होता आणि डायरी माझ्या हातात होती.

संध्याकाळी परतीलाही तीच गाडी. वानखडे लांबूनच हात उंचावून आले. "काय चाचा, गाडी आणली का? टपावर टाकू?" मग चेहरा पाहून आवाज उतरला. "जाऊ द्या. उचलू का?"

चाचा म्हणाले, "नको. ड्रायव्हरले बोलाव."

वानखड्यांचे पुढे केलेले हात तसेच राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेटीच्या पावतीची घडी घालत होते. ती चांगली चार वेळा घातली. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. शेलूबाजार येईपर्यंत दीड-दोन तास होते. बार्शीटाकळी गेलं, महान गेलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यानंतर चाचा त्या गाडीत बसले नाहीत. बंडी मिळाली तर मंगरूळला जात, नाहीतर जात नसत. बंडी दर आठवड्याला कोण देणार? हळूहळू मंगरूळचं काम सुटलं. म्हणजे मी त्यांची तीनचाकी घालवलीच, वर जी चारचाकी रोज दारात येत होती तीही बंद केली. वानखडे गाडी दुकानासमोर थांबवून ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला लावत. एकदा, दोनदा, तीनदा. आतून तातीचे ठोके चालू राहत. एकदा त्यांनी मला शाळेच्या फाटकापाशी गाठलं.

"बाई, चाचा काहून बोलत नाईत हो माह्यासंगं? माह्यं काई चुकलं का?"

मी म्हणाले, "तब्येत बरी नसेल."

"तब्येतीनं माणूस तोंड फिरवते का?" असं म्हणून ते गेले.

मी स्वतःशी हिशेब मांडला होता. चाचांना खरं सांगितलं, तर ते माझ्याशी बोलणं सोडतील. पुढाऱ्याच्या घराचं झालं तेच माझं होईल. आणि गावात कळेल, शाळेत कळेल. बाईंच्या यादीत आलं म्हणजे झालं, हे पुन्हा कुणी म्हणणार नाही. एवढंच होतं. याहून मोठं कारण शोधायचा मी प्रयत्न केला, सापडलं नाही. डायरीत मात्र मी लिहिलं, 'चाचांना सांगणे'. आठवडा संपला की राहिलेली कामं पुढच्या पानावर उतरवायची माझी पद्धत. ती ओळ मी उतरवत राहिले.

पावसाळ्यात, उंबरा नसल्यामुळे, रस्त्याचं पाणी दुकानात शिरू लागलं. चाची पोत्यांचा बांध घालत आणि चाचा पाटावर पाट रचून उंचावर बसत. मी म्हटलं, "उंबरा पुन्हा बसवून घ्या ना."

"राहू द्या," ते म्हणाले. "कोण जाणे, काई येईन आत."

दुरुस्त झालेली पेटी रोज सकाळी प्रार्थनेला वाजे. कुंपणापलीकडे ती अगदी स्पष्ट ऐकू जात असणार. एकदा चाचा म्हणाले, "पेटी ब्येस वाजून राह्यली, बाई." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

दोन वर्षांनी माझी वाशीमला बदली झाली. लग्नही ठरलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी मी डायरीतली ती ओळ वाचून, वाक्य मनात पाठ करून दुकानात गेले. चाचांनी मला बोलूच दिलं नाही. त्यांनी चाचींना हाक मारली आणि चाचींनी आतून एक नवी कोरी गादी आणून माझ्यापुढे ठेवली.

"हे तुमाले. लग्नाचं."

"चाचा, कशाला हो..."

"कशाले म्हंजे? तुमी माह्यासाठी लय धावल्या, बाई. टेप धरून उन्हात उभ्या राह्यल्या. त्या दिवशी खुर्ची धरली. कोण करते एवढं? आपला वानखडे पाहा नं." ते थांबले. दोन वर्षांत त्यांनी ते नाव पहिल्यांदा घेतलं होतं. "जाऊ द्या. हिच्यात एक बी गाठ नाई. आरामात झोपा."

मी वाकून नमस्कार केला, गादी घेतली आणि आले. पाठ केलेलं वाक्य तसंच परत आणलं. बंडीत सामान चढवलं तेव्हा यादीत गादी नव्हती, ती मी शेवटी लिहिली.

ती गादी वाशीमला दोनदा उसवून पुन्हा भरून घेतली. दोन्ही वेळा तिथल्या पिंजाऱ्यानं विचारलं, "कोनं भरली होती हो? गाठ शोधून सापडत नाई." मी सांगितलं, शेलूबाजारच्या चाचांनी.

पाच-सहा वर्षं गेली. शेलूबाजार काही लांब नाही, पण मी गेले नाही. काम निघे ते नेमकं दुसऱ्या दिशेचं. मग एका दुपारी शाळेच्या कामानं मंगरूळला निघाले, वाशीमच्या स्टँडवर गाडीत बसले आणि तिकिटाला हात पुढे आला तो वानखड्यांचा. केस पांढरे झाले होते. त्यांनीच मला आधी ओळखलं.

"बाई! किती सालानं?" मग तिकीट फाडता फाडता म्हणाले, "चाचा गेले, तुमाले मालूम असन."

मला मालूम नव्हतं.

"झाले दोन महिने. छातीत दुखलं म्हने, अन् तातीवरच मान टाकली. मी त्या दिवशी अकोल्याच्या गाडीवर होतो. शेलूत गाडी थांबली त दुकानापुढं गर्दी. ड्रायव्हरले म्हटलं, पाच मिनिटं थांब बाप्पा, पब्लिकले सांग काई बी." त्यांनी माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर एक गुडघा टेकवला. "मी म्हटलं त्याहिच्या भावाले, मले खांदा द्याचा हाय. ते म्हनाले, दे. वाकलो, अन् बाई, तोंडातून सवयीनं निघून गेलं, उचलू का, चाचा?"

गाडीत कुणी हसलं नाही. वानखडे चामड्याच्या बॅगेतली चिल्लर उगीच खालीवर करत राहिले.

"माह्यासंगं बोलले नाईत शेवटपर्यंत. मले आजही समजलं नाई काहून. तुमाले काई बोलले होते का कधी?"

तेव्हा मी सांगितलं. त्या गाडीत, माणसांच्या मधे, शेलूबाजारहून अकोल्याला जातानाचा लिंब, पेटी, पत्र्याची खुर्ची, आणि माझं ते वाक्य. क्रमानं सांगितलं. क्रमानं सांगणं मला येतं. वानखडे ऐकत होते. माझं सांगून झालं. पुढच्या थांब्यावर माणसं चढली, ते उठून तिकिटं फाडायला गेले. मागच्या सीटपर्यंत गेले, दारात उभे राहिले, बाहेर बघत राहिले. मला वाटलं, आता ते माझ्याशी बोलणार नाहीत, आणि ते रास्तच होतं.

मंगरूळ आलं. मी उतरायला उठले तेव्हा ते दारापाशी वाट अडवून उभे होते.

"बाई, एकच सांगा. मी इचारलं होतं नं? 'खोड चढवू का' म्हून?"

"विचारलं होतं."

"अन् 'चाचाले इचारलं का', हे बी?"

"हेही विचारलं होतं."

"मंग ठीक." त्यांनी मान हलवली. "मले वाटे, मीच तं इसरलो नाई इचाराले." आणि ते बाजूला झाले.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी डायरी उघडली. 'चाचांना सांगणे' ही ओळ त्या आठवड्याच्याही पानावर होतीच. पेन हातात घेतलं. सांगून तर झालं होतं. पण ज्याला सांगायचं लिहिलं होतं त्याला सांगितलं नव्हतं, आणि अर्धवट कामावर रेघ मारायची माझी पद्धत नाही.

मी आता मुख्याध्यापिका आहे. याद्या अजून मीच करते. सहलीची, निवडणुकीच्या कामाची, मुलांच्या खेळांची यादी झाली की ती ज्यांच्यासाठी केली त्यांच्यापुढे धरते आणि विचारते, यातलं काही काढू का? लोकांना त्याचं हसू येतं. त्यांना वाटतं, बाई आता म्हाताऱ्या व्हायला लागल्या, एकेका गोष्टीला चारचारदा विचारतात. नवीन वर्षाची नवी डायरी आली की पहिल्या पानावर, वार-तारीख घालायच्या आधी, मी ती एक ओळ उतरवून घेते.